भूकंपाचं खापर समुद्राच्या माथी नको

"समुद्राच्या लाटांमुळे जमीन हलते, हे आता शास्त्रज्ञांनीच मान्य केलंय." मंडईत हल्ली हे वाक्य वरचेवर कानावर पडतं. टिळक पुतळ्यापाशी चहा घेताना पडतं, गाळ्यावर पालेभाजी निवडताना पडतं, आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुरात तर ते छातीठोकपणे लिहिलेलं असतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, म्हणून मोठे भूकंपही तेव्हाच होतात, किल्लारी आठवा, सुनामी आठवा. आणि या दोहोंच्या आधारावर तिसरं वाक्य निर्धास्तपणे उच्चारलं जातं: पुण्याला समुद्र नाही, पायाखाली अख्खा काळा कातळ आहे, तेव्हा आपल्याला भूकंपाचा घोर नाही.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण चिमूटभर. तिसरं साफ चुकीचं आहे. खऱ्याचा हात धरून अर्धसत्य आत शिरतं आणि त्याच्यामागून खोटं येऊन ठाण मांडून बसतं, म्हणून या तिन्हींचा एकत्र समाचार घ्यायला हवा. मंडईला पुणेकर उगाच विद्यापीठ म्हणत नाहीत. इथे बोललेलं घराघरांत पोचतं. चुकीचं बोललेलंही पोचतं.

पहिल्या वाक्यातलं सत्य आधी पूर्णपणे मान्य करतो, कारण ते भूभौतिकीतल्या अत्यंत सुंदर शोधांपैकी एक आहे. जुन्या भूकंपमापकाचा आलेख जवळून पाहिला तर भूकंप नसलेल्या दिवशीही त्यावरची रेघ सरळ दिसत नाही. पाच-सात सेकंदांच्या ठेक्यानं ती वर-खाली होत राहते. काही आंदोलनं हळूहळू फुगतात, मग ओसरतात, पुन्हा फुगतात. सगळ्या कागदभर मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असे पुंजके उमटलेले असतात. ही थरथर कधीच थांबत नाही. ती समुद्राची आहे, आणि ती किनाऱ्यावरच नव्हे, तर खंडांच्या अगदी आतल्या भागातही नोंदली जाते. पुण्यात मंडईच्या फरशीवर आपण उभे असतो तेव्हाही ती पायाखालून जात असते. फक्त तिचं माप एवढं सूक्ष्म असतं, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, की कुठल्याही माणसाला ती जाणवणं शक्य नाही.

हे ज्ञान परदेशातून आलेल्या बातमीपुरतं नाही, ते आपल्या घरचंही आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूकंपशास्त्रज्ञ मिल्न यांच्या पद्धतीचा भूकंपमापक बसला. पुढे त्याच वेधशाळेचे संचालक झालेल्या सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भारतीय समुद्रांतल्या खवळलेल्या हवामानाचा आणि या सूक्ष्म थरथरीचा संबंध बारकाईनं तपासला. पावसाळ्यातला अरबी समुद्र, बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं, स्थानिक वावटळी, प्रत्येकाची थरथर आलेखावर वेगळी ओळखता येते का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा निबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हेच बॅनर्जी १९४४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्या खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून शिवाजीनगरला आलं होतं, आणि पुणेकर त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात. मंडईतून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांत जिथे पोचता येतं, तिथल्या खात्याच्या परंपरेत समुद्राची थरथर वाचण्याचं हे काम शंभर वर्षांपूर्वी चालू होतं.

त्यातलं कोडं मात्र १९५० मध्ये सुटलं. लाट पाण्याच्या वरच्या थरात असते. खोल जाल तसा तिचा जोर विरत जातो, आणि काही किलोमीटर खोलीवरच्या तळाला वरच्या खळबळीचा पत्ताही लागायला नको. मग तळ हलतो कसा? ब्रिटिश गणिती मायकेल लाँग्युएट-हिगिन्स यांनी दाखवून दिलं की सारख्याच लयीच्या दोन लाटमाळा समोरासमोर येऊन एकमेकींत मिसळल्या, तर त्यांच्या एकत्रित दाबाचा एक भाग खोलीबरोबर विरत नाही. तो थेट तळावर आदळतो, आणि लाटांच्या दुप्पट वेगानं आदळतो. दहा सेकंदांच्या लाटा असतील तर जमीन पाच सेकंदांच्या ठेक्यानं थरथरते. आलेखावर जे दिसत होतं, त्याचं कारण सापडलं. याखेरीज उथळ किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांची लाटांच्याच लयीतली, जरा संथ अशी दुसरी थरथरही असते.

या अभ्यासाला आज नव्यानं महत्त्व आलं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रिक ॲस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या ५२ भूकंपमापन केंद्रांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासून दाखवलं की १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्राच्या लाटांची ऊर्जा वाढत चालली आहे. म्हणजे भूकंपमापकांच्या जुन्या आलेखांतून आता तापत्या हवामानाची नोंद वाचता येते. "समुद्र जमीन हलवतो आणि ते हलणं वाढतंय" ही बातमी इथूनच निघाली. आपल्याकडे पोचेपर्यंत तिचं "समुद्रामुळे भूकंप वाढणार" असं झालं. पहिल्या विधानामागे पुरावा आहे. दुसऱ्यामागे काहीही नाही.

भूकंप म्हणजे केवळ जमीन हलणं नव्हे. खडकांवर वर्षानुवर्षं, शतकानुशतकं ताण साठत जातो. एका क्षणी भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात आणि साठलेली ऊर्जा काही सेकंदांत बाहेर पडते, त्याला भूकंप म्हणायचं. लाटेच्या थरथरीत काही फुटत नाही, काही सरकत नाही. लाटेनं दिलेली ऊर्जा लाट थांबली की संपते. दोन्हींची नोंद एकाच यंत्रावर होते, एवढंच त्यांच्यातलं साम्य. मंडईखालून आता मेट्रो धावते, तिचीही नोंद संवेदनशील यंत्रावर होते. म्हणून मेट्रो भूकंप घडवते असं कुणी म्हणत नाही. २०२० च्या टाळेबंदीत जगभर माणसांची वर्दळ थांबली, तेव्हा भूकंपमापकांवरचा माणसांचा गोंगाट काही ठिकाणी निम्म्यापर्यंत खाली आला. समुद्राची संथ थरथर तेव्हाही चालूच राहिली, आणि भूकंपही आपल्या नेहमीच्या गतीनं होत राहिले. तीन आवाज, तीन वेगळे उगम.

यावर लगेच "स्टॉर्मक्वेक"चं उदाहरण फेकलं जातं. २०१९ मध्ये वेनयुआन फॅन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत मोठ्या वादळांच्या वेळी समुद्रतळावरून असे कंप निघतात, ज्यांचा जोर साडेतीन रिश्टरच्या भूकंपाइतका असू शकतो. २००६ ते २०१९ या काळात त्यांना असे दहा हजारांहून जास्त कंप सापडले. "वादळांमुळे भूकंप" असे मथळे त्यावरून झळकले. पण त्या संशोधकांनीच हे कंप लाटांनी तळावर दिलेल्या माराचे आहेत, भ्रंश सरकल्याचे नाहीत, असं मांडलं आहे. मथळा वाचून निबंधाचा निकाल लावणं हा त्यांच्या कष्टांवर अन्याय आहे.

शिवाय हा दावा खरा असता, तर त्याची परीक्षा आपल्या दारातच झाली असती. दरवर्षी जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो आणि पश्चिम भारतातली ही थरथर त्या चार महिन्यांत वाढते. तेव्हा महाराष्ट्र दर जुलैमध्ये सर्वाधिक हादरायला हवा. तसं होत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचे फटके पुण्यालाही बसले. मे २०२१ मध्ये तौक्ते मुंबईसमोरून गेलं. त्यापैकी कुठल्याही वादळामागून महाराष्ट्रात विध्वंसक भूकंप आला नाही. उलट पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात धक्क्यांची मालिका सुरू झाली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि चारच्या वरचा धक्का बसला १ फेब्रुवारी २०१९ रोजी. कोकणचा कुणीही नाखवा सांगेल की समुद्र सर्वांत शांत असतो, ते हेच महिने.

आता भरतीचं. या वाक्याचा पगडा जास्त खोल आहे, कारण त्याच्या बाजूनं उभी राहणारी उदाहरणं आपल्या जिव्हारी लागलेली आहेत. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. मंडईतून निघणारी पुण्याची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते. मराठवाड्यातल्या गावांतली माणसं मात्र गणपती बुडवून घरी येऊन झोपली होती. ३० सप्टेंबरला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीखालची जमीन हादरली. भाद्रपद पौर्णिमा लागत होती. २६ डिसेंबर २००४, सुमात्राचा महाभूकंप आणि सुनामी: मार्गशीर्ष पौर्णिमा. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटेचा तुर्कस्तानचा भूकंप माघी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी झाला. ही तीन नावं एका दमात घेतली की ऐकणारा गप्प होतो.

मग ही दुसरी तीन नावंही त्याच दमात घ्या. ११ डिसेंबर १९६७, कोयना: मार्गशीर्षातली शुद्ध नवमी-दशमी. ८ ऑक्टोबर २००५, काश्मीर: आश्विन शुद्ध पंचमी. २५ एप्रिल २०१५, नेपाळ: वैशाख शुद्ध सप्तमी, म्हणजे अष्टमीच्या तोंडावरचा दिवस. कोकणात ज्याला भांग म्हणतात, त्या सर्वांत दुबळ्या भरतीच्या आसपासचे हे दिवस. या भूकंपांची तिथी कुणाच्या लक्षात नाही, कारण ती सिद्धान्ताला सोयीची नाही.

थोडा हिशेबही करू. पौर्णिमेचा दावा करणारे ऐन तिथीवर क्वचितच थांबतात. दोन दिवस आधी, दोन दिवस नंतर, तेही धरलं जातं. म्हणजे पौर्णिमेचे पाच आणि अमावास्येचे पाच, असे महिन्याच्या साडेएकोणतीस दिवसांतले दहा दिवस झाले. जगातला कुठलाही भूकंप काहीही संबंध नसताना या दहा दिवसांत पडण्याची शक्यता तीनास एक आहे. जगात सहा आणि त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप दरवर्षी शंभराहून जास्त होतात. त्यातले निदान तीसेक पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पडणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ती अशी. अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ सुझन हाफ यांनी २०१८ मध्ये आठ आणि त्याहून मोठ्या भूकंपांची यादी घेऊन ते वर्षाच्या ठरावीक दिवशी किंवा चंद्राच्या ठरावीक कलेला होतात का, हे तपासलं. त्यांच्या निबंधाचा सारांश एका शब्दाचा आहे: नाही.

तरीही मी दुसऱ्या वाक्यात चिमूटभर तथ्य आहे म्हटलं, ते सांगणं माझं कर्तव्य आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीनं फक्त समुद्र नाही, घट्ट जमीनही वर-खाली होते. पुण्याची जमीनसुद्धा दिवसातून दोनदा काही सेंटिमीटरांपासून फूटभरापर्यंत उचलली जाते आणि खाली येते. सगळा परिसर एकदमच हलत असल्यामुळे ते कळत नाही. या ओढीचा ताण खडकांवरही येतो. एलिझाबेथ कॉक्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो आणि समुद्राची भरती फार मोठी असते, तिथे उथळ भूकंप भरतीच्या ताणाच्या वेळा थोड्याफार निवडतात. जपानच्या सातोशी इदे यांच्या गटानं २०१६ मध्ये असंही मांडलं की ताण जास्त असताना लहान भेग वाढत जाऊन मोठा भूकंप होण्याची शक्यता किंचित वाढते. ही कामं दर्जेदार आहेत आणि त्यांचा मान राखूनच मी बोलतो आहे.

पण माप पाहा. भरतीचा ताण काही किलोपास्कल असतो. भूकंपात मोकळा होणारा ताण काही मेगापास्कल, म्हणजे सुमारे हजारपट असतो. लाटांच्या सूक्ष्म थरथरीचा ताण तर भरतीच्याही कितीतरी खाली येतो. मंडईत शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलेल्या हमालाच्या त्याच पोत्यावर कुणी कोथिंबिरीची एक जुडी टाकली आणि नेमका त्याच पावलाला तो कोलमडला, तर जुडी निमित्त झाली असं फार तर म्हणता येईल. ओझं पोत्याचंच असतं. जुडी कधी पडेल यावर नजर ठेवून हमालाचा जीव वाचत नाही. पोत्याचं वजन आणि त्याच्या गुडघ्यांची ताकद पाहावी लागते. शिवाय हे परिणाम दिसतात ते भूपट्टांच्या कडांवर, समुद्रतळाशी. महाराष्ट्र भारतीय भूपट्टाच्या पोटात आहे.

भूकंपाचा दोष समुद्राला देणाऱ्या या समुद्रवाद्यांचा सर्वांत ताकदीचा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. ते विचारतात, "पाण्यामुळे भूकंप होत नाहीत म्हणता, मग कोयनेचं काय?" प्रश्न रास्त आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि लवकरच आसपास धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि पुण्या-मुंबईची माणसं अंथरुणातून उठून रस्त्यावर आली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि भूकंप यांचा संबंध दशकानुदशकं तपासला. १९८० च्या दशकात वारणेचा जलाशय भरू लागला आणि दक्षिणेकडेही हालचाल वाढली. जलाशयामुळे चालना मिळणाऱ्या भूकंपांचं कोयना हे आज जगातलं सर्वांत ठळक उदाहरण मानलं जातं.

पण कोयनेचा दाखला समुद्रवाद्यांच्या मदतीला येत नाही, उलट त्यांच्यावर उलटतो. कोयनेत पाण्याचा भार दर पाच-दहा सेकंदांनी येत-जात नाही. तो महिनोन्‌महिने त्याच ठिकाणी राहतो. पाणी खडकांच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपतं आणि आतला दाब वाढवतं. त्यामुळे भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारी पकड सैल होते. यासाठी तो भ्रंश आधीच सरकण्याच्या बेतात असावा लागतो आणि पाणी नेमकं त्याच्या माथ्यावर असावं लागतं. म्हणूनच कोयनेचे धक्के जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत वाढतात आणि साधारण वीस गुणिले तीस किलोमीटरच्या छोट्या टापूत एकवटलेले आहेत. लाटांना यातलं काहीच जमत नाही. पाण्याचा आणि भूकंपाचा खरा संबंध शोधायचा तर तो किनाऱ्यावर नाही, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, पुण्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. मंडईत चर्चा मात्र समुद्राची होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आता तिसरं वाक्य. "आपल्याखाली काळा कातळ आहे." कातळ आहे, हे खरं. पण कोयनेखालीही तोच कातळ आहे आणि किल्लारीखालीही तोच. दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट किल्लारीपाशी साडेतीनशे मीटरच्या आसपास जाड आहे. कोयना परिसरात तो जागेनुसार किलोमीटरभर किंवा थोडा अधिक. त्याखाली फार जुना ग्रॅनाइट-नाईसचा पाया आहे, आणि कोयनेचे भूकंप त्या पायात, काही किलोमीटर खोल घडतात. हे अंदाजानं सांगितलेलं नाही. कराडला केंद्र सरकारनं स्थापन केलेल्या बोअरहोल प्रयोगशाळेच्या कामात कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलं गेलं ते हाच पाया हाती लागावा म्हणून. वरचा काळा थर खालचा भ्रंश थांबवू शकत नाही.

सरकारी नकाशाचा इतिहासही हेच सांगतो. किल्लारी १९९३ पर्यंत भारताच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होतं. त्या गावांतल्या माणसांनाही आपल्याला घोर नाही असंच सांगितलं गेलं होतं. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेल्यावर नकाशा बदलला, आणि २००२ च्या सुधारित नकाशातून पहिलं क्षेत्रच काढून टाकलं गेलं. त्या नकाशात कोयनेचा टापू चौथ्या क्षेत्रात आहे आणि पुणे तिसऱ्यात, म्हणजे मध्यम धोक्याच्या.

किल्लारीत माणसं कशानं मेली, हे मंडईत एकदा मोठ्यानं सांगायला हवं. दोन-अडीच फूट जाडीच्या, गोल दगड मातीत बसवलेल्या भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद. जमीन हलली तेव्हा भिंतीचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि झोपलेल्या माणसांवर आले. अनेक घरांत लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला, पण भिंती गेल्या. त्या पहाटे पौर्णिमा नसती, तरी भिंती तशाच होत्या.

आता हीच नजर मंडईच्या चहूबाजूंना वळवू. शुक्रवार, बुधवार, रविवार, कसबा या पेठांत शंभर-दीडशे वर्षांचे वाडे आजही नांदते आहेत. दगडी जोतं, सागवानी खांब आणि तुळया, मध्ये मातीत रचलेल्या विटा. जोपर्यंत लाकूड निरोगी आहे तोपर्यंत हे बांधकाम हेलकावा सोसणारं आहे. पण खांबाचा पाया जिथे दगडाच्या उथळ्यावर टेकतो, तिथे वर्षानुवर्षं मोरीचं पाणी मुरतं, वाळवी लागते आणि वरून धडधाकट दिसणारा खांब बुडाशी पोकळ होतो. त्यावर कुणी स्लॅबची खोली चढवतं, कुणी दुकानाचं तोंड रुंद करायला मधली भिंत काढतं. मालक-भाडेकरूंचे दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि दुरुस्ती दोघांपैकी कुणाचीच राहत नाही. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. पावसाळा संपला की विषय मागे पडतो.

नव्या इमारतींचीही फार बढाई मारू नये. तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा, त्यात पार्किंग, आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही पुण्यातली रूढ रचना आहे. २६ जानेवारी २००१ ला भूजजवळ भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये याच धर्तीच्या अनेक इमारती तळमजल्यातून मोडून खाली बसल्या. भूजचा भूकंप कोयनेच्या मानानं कितीतरी मोठा होता, आणि पुण्यात नेमकं तसंच घडेल असं मी म्हणत नाही. पण तळमजल्याचा दुबळेपणा सारखाच आहे, आणि तो दूर करण्याची रीत अभियंत्यांना पाठ आहे.

समुद्रवादाशी माझं भांडण इथे आहे. भूकंप समुद्रामुळे किंवा चंद्रामुळे होतो असं एकदा मानलं, की घराकडे बघण्याचं कारण उरत नाही. लाटेवर आपला ताबा नाही, तिथीवर आपला ताबा नाही, मग करायचं काय? पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे जरा सावध राहायचं आणि उरलेले वीस दिवस निश्चिंत झोपायचं. ही निश्चिंती जीवघेणी आहे. भूकंपाचा दिवस आणि वेळ आज जगातली कुठलीही संस्था सांगू शकत नाही. जो सांगतो, तो फसवतो किंवा स्वतः फसलेला असतो. भूकंप कुठे होऊ शकतो आणि तिथली घरं त्यात टिकतील का, हे मात्र सांगता येतं. सगळी मेहनत तिथे लागली पाहिजे.

काही जण म्हणतील की असं लिहून तुम्ही भीती पसरवता. भीती पसरते ती तारखा सांगणाऱ्या मजकुरांमुळे, कारण त्यात भिण्याखेरीज काही करता येत नाही. खांबाचं बूड तपासा, हे सांगितल्यानं काम सुरू होतं. दुसरे म्हणतील, मग लाटांची थरथर मोजण्यावर पैसा कशाला घालायचा? त्याचंही उत्तर आहे. याच थरथरीचा उपयोग करून आज भूकंपाची वाट न पाहता जमिनीच्या पोटातले थर वाचता येतात. कुठला भाग मऊ आहे, कुठे हादरा वाढेल, याचा अंदाज त्यातून मिळतो. ज्या समुद्राला आपण गुन्हेगार ठरवतो, तोच भूकंपाचा धोका जोखायला मदत करतो. कुलाबा-पुण्याच्या वेधशाळांचे जुने कागदी आलेख जिथे जिथे शिल्लक असतील, तिथे ते जपून संगणकावर आणणं हे महाराष्ट्राचं कर्तव्य आहे. त्यात गेल्या शतकाच्या समुद्राचा इतिहास लिहिलेला आहे.

मंडईला ज्यांचं नाव आहे, ते जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना याच मंडईच्या खर्चाला विरोध करत होते. तो पैसा शिक्षणाकडे वळवा, असा त्यांचा आग्रह होता. इमारत झाली, १८८६ मध्ये उघडली, आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. सार्वजनिक पैसा आधी कशावर लागावा, हा त्यांचा प्रश्न आजही जिवंत आहे, आणि भूकंपाच्या संदर्भात त्याचं उत्तर स्पष्ट आहे. पेठांतल्या शाळा, दवाखाने आणि रोज हजारो माणसं जिथे येतात ती मंडईची दगडी वास्तू, यांची भूकंपाच्या दृष्टीनं तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांना वाचता यावा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अभियंत्याकडून तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. हा कायदा कागदावर का राहिला, हे आपल्या नगरसेवकाला विचारण्याचा अधिकार मंडईतल्या प्रत्येकाला आहे. वाड्यांच्या दुरुस्तीसाठी मालक आणि भाडेकरू दोघांना परवडेल अशी मदत मिळायला हवी, नाहीतर नोटीस चिकटवून काहीच होणार नाही.

समुद्राची चर्चा मंडईत जरूर व्हावी. बॅनर्जींचं काम, लाँग्युएट-हिगिन्स यांचं गणित, तापत्या समुद्राच्या वाढत्या लाटा, हे सगळं इथल्या माणसाला कळायला हवं आणि कळू शकतं. पण त्या चर्चेतून भूकंपाची तिथी काढू नका. धोका कोयनेच्या बाजूला आहे आणि आपल्या भिंतींत आहे. पहिला आपल्या हातात नाही. दुसरा पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि तो कमी करण्याचं काम पुढच्या पौर्णिमेची वाट न पाहता सुरू करता येतं.